मदत हवी आहे: जुन्या मशीन ड्रॉइंगवरची मापं कॉम्प्युटरला कशी वाचायला शिकवायची?

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला काकांचं वर्कशॉप आहे. तिथे सुट्या भागांची जुनी ड्रॉइंग्ज आहेत, बरीचशी अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या जुन्या पद्धतीच्या नकला). गेल्या पावसाळ्यात एक कपाट भिजलं, तेव्हापासून मी ती ३०० डीपीआयवर स्कॅन करतोय. नुसती चित्रं साठवून भागणार नाही, कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेषा आणि मापं हवीत.

ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी प्रोग्रॅमिंग लायब्ररी वापरतोय. पिवळ्या पडलेल्या कागदावर शाई आणि कागद वेगळे करायची ओत्सूची पद्धत फसली, कारण अख्ख्या पानाला एकच उंबरठा (किती गडद असेल तर शाई धरायची ती सीमा) लागतो. भागाभागाने ठरणारा उंबरठा बरा चालला. हफ ट्रान्सफॉर्म या रेषा शोधायच्या पद्धतीने सरळ रेषा सापडतात, पण एका जाड रेषेच्या तीन-चार होतात आणि तुटक काढलेल्या मध्यरेषेचे तुकडे पडतात.

खरी अडचण मापांची. आकडा मापरेषेला चिकटला की टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम) काहीही वाचतो. व्यासाचं चिन्ह तर हमखास शून्य होतं, म्हणजे Ø४० चं ०४०. चुकीच्या मापाने लेथवर जॉब चढला तर माल वाया, म्हणून अंदाजपंचे काम नको.

आधी अक्षरं वेगळी काढून मग रेषा शोधाव्यात, की दोन्हीसाठी यू-नेटसारखं (चित्रातला प्रत्येक ठिपका कशाचा ते ओळखणारं न्यूरल नेटवर्क) मॉडेल शिकवावं? हाताने खुणा केलेली चाळीसच पानं आहेत. कॅडमधून नवी ड्रॉइंग्ज काढून, त्यांवर डाग आणि घड्या टाकून सरावाला दिली तर चालतील का? काही ड्रॉइंग्ज फर्स्ट अँगल आहेत, काही थर्ड अँगल (भागाची वेगवेगळ्या बाजूंची दृश्यं कागदावर मांडायच्या दोन पद्धती); कुठली पद्धत ते सांगणारं चिन्ह ओळखणंही आलंच.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. काकांना प्रत्येक ड्रॉइंगमागचा जॉब आठवतो, ते आहेत तोवर तपासून घ्यायचंय.