पुळणीवर घोडे असताना कुत्रा मोकळा सोडावा का?

वाळूकाठ
गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला जुहूच्या पुळणीवर होतो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. एक घोडेवाला दोन घोडे पाण्याच्या कडेने नेत होता, पुढच्यावर सात-आठ वर्षांची मुलगी. तेवढ्यात मोकळा सोडलेला एक लॅब्राडोर मागून सुसाट आला आणि घोड्याच्या मागच्या पायांत घुटमळायला लागला. मालक लांबून ओरडत होते, "काही करत नाही हो तो!" घोड्याचे कान सपाट मागे गेले, शेपूट दबली आणि तो बुजून एकदम आडवा सरकला. मुलगी खोगिरावरून कलंडली. घोडेवाल्याने एका हाताने दोरी आवळली, दुसऱ्याने तिचा दंड धरला, म्हणून ती वाचली. त्याचा तळहात सोलवटून निघाला होता.

कुत्रा काही करत नाही हे मालकाला ठाऊक. घोड्याला ते कसं कळणार? घोडे दिसले की पट्टा लागलाच पाहिजे, यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

कॅरमेलची आई
दुसरी बाजू मी सांगते. मुंबईत कुत्र्याने धावायचं कुठे? बागेच्या फाटकावर मनाईची पाटी, सोसायटीत लिफ्टपासून कटकट, रस्त्यावर दुचाक्या. आमची कॅरमेल देशी आहे, रस्त्यावरून उचलून आणलेली. दिवसभर वन बीएचकेत असते. पहाटे अर्धा तास चेंडूमागे धावते, तेवढंच तिचं सुख. आणि २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा माणसाच्या करमणुकीसाठी जनावर राबवणं हाच मुद्दा होता ना? मग पोरांना फिरवणाऱ्या घोड्यापायी माझ्या कुत्रीने बांधून का राहायचं?

रिकीब
घोडा राबवावा की नाही हा वाद मोठा आहे आणि त्यात मी बराचसा तुमच्या बाजूचा आहे. पण तो समोर उभा असताना काय करायचं, हा प्रश्न वेगळा.

मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकलो. पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसलेली गोष्ट: घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. कुत्रा नेमका त्या मागच्या आंधळ्या जागेतून येतो. घोडा मुळात शिकार होणारं जनावर. मागे काहीतरी धावतंय म्हटल्यावर तो एक तर उधळतो, नाही तर लाथ घालतो. चार-पाचशे किलोच्या जनावराची नाल लागलेली लाथ कॅरमेलच्या बरगडीत बसली तर? मला तिचीसुद्धा तेवढीच काळजी वाटते.

स्वारानेही चुकू नये. कुत्रा मागे लागला की घोडा पळवायचा नाही, पळणाऱ्याच्या मागे कुत्रा आणखी लागतो. थांबायचं, घोड्याचं तोंड कुत्र्याकडे फिरवायचं, त्याला बघू द्यायचं. कुत्रेवाल्यांनी पट्टा आखूड धरून बाजूला, घोड्याला दिसेल असं उभं राहावं आणि स्वाराशी दोन शब्द बोलावेत. माणसाचा आवाज ऐकला की बरेच घोडे सैल पडतात.

सात बंगला
पट्टा बांधणार कोणाला? वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पाळलेल्यांपेक्षा भटके जास्त.

खुरांचा डॉक्टर
भटके आहेत म्हणूनच पाळलेल्यांनी तरी जबाबदारी घ्यावी. मी गुरा-घोड्यांवर उपचार करतो. मागच्या पायाला, घोट्याच्या वर, कुत्रा चावलेला घोडा माझ्याकडे आला तेव्हा जखम बोटभरच होती, पण घोड्यालाही रेबीज होतो. जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुणं आणि लशींचे सगळे डोस वेळेवर देणं, दोन्ही करावं लागलं. मालक रोजंदारीवरचा माणूस, तितके दिवस घोडा बसून. कुत्र्याचे मालक तोवर निघून गेले होते.

वकिलीण
भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमात शब्द 'जनावर' आहे, म्हणजे गर्दीत घोडा भरधाव सोडणाराही त्यात आला.

कॅरमेलची आई
लाथेचा विचार मी खरंच केला नव्हता. कॅरमेल हाक मारली की येते, पण चेंडू समोर असला तर येत नाही, हे मान्य करते. उद्यापासून लांब दोरी नेईन आणि घोडे दिसले की आखूड करीन.

पण माझी मागणी मी सोडलेली नाही. सकाळी सातपर्यंत पुळणीचा एक पट्टा कुत्र्यांना मोकळा द्या, घोडे त्याच्या पलीकडून न्या. आणि संध्याकाळी भेळवाल्यांच्या गर्दीतून घोडे दौडवणं बंद करा. मागच्या महिन्यात एक घोडा माझ्या सासूबाईंच्या खांद्याला घासून गेला, त्याला कोणी पट्टा लावला नव्हता.

वाळूकाठ
दौड बंद व्हावी, यात मी तुमच्यासोबत आहे. वेळ वाटून घेण्याचं मात्र पटत नाही. सातच्या आत त्याच वाळूवर म्हातारी माणसं चालतात, पोरं क्रिकेट खेळतात, त्यांनी कुठे जायचं? रविवारी मी त्या घोडेवाल्याला गाठून विचारतो, त्याला कोणती वेळ चालेल. त्याला कोणी विचारलेलंच नाही अजून.