लाइन फॉलोअर: आयसी बदलल्यापासून दोन्ही आयआर सेन्सर ठार बंद

वायरगुंता:
मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीये. दोन सेन्सरचा लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेषेवरून चालणारा रोबो, केलाय, तयार मोड्यूल नाही, सगळं ब्रेडबोर्डवर स्वतः जोडलंय. आयआर (इन्फ्रारेड) एलईडीला २२० ओहम, शेजारी फोटोडायोड, त्याचा कॅथोड ५ व्होल्टला, अॅनोडवरून १० के (किलोओहम) रेझिस्टर ग्राउंडला, आणि त्याच जोडावरून वायर एलएम ३५८ आयसीच्या प्लस इनपुटला. मायनसला १० के चा प्रीसेट (फिरवून व्होल्टेज ठरवायचा रेझिस्टर). आउटपुटवरून ३३० ओहम आणि लाल एलईडी ग्राउंडकडे, म्हणजे पांढऱ्यावर पेटतो काळ्यावर विझतो, तिथूनच आर्डुइनो उनो बोर्डाला. छान चालत होतं. परवा घाईत बॅटरी उलटी लावली, ३५८ चटका बसेल इतकी तापली आणि गेली. मित्राकडे एलएम ३९३ पडून होती, पिना सेम टु सेम, म्हणून तीच खोचली. तेव्हापासून एलईडी पेटतच नाही, प्रीसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झाला, आर्डुइनोला कायम शून्य. कोडमधले डिले पण बदलून बघितले. फोटोडायोडही उडाले असतील का?

काळीटेप:
आधी आयआर एलईडी जिवंत आहे का बघ, फोनच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो. सेल्फी कॅमेरा वापर, मागच्याला बऱ्याचदा फिल्टर असतो आणि चांगला एलईडी मेलेला वाटतो. आणि खिडकीजवळ टेस्ट करत असशील तर पडदा लाव, उन्हात आयआर भरपूर असतं, सेन्सरला सगळंच पांढरं दिसतं.

मीटरवाला:
ऊन असतं तर आउटपुट कायम एक आलं असतं, याचं शून्य येतंय. भावा कोडला हात लावू नकोस. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल आयसीच्या ३ नंबर पिनवर, आणि सेन्सरखाली एकदा पांढरा कागद एकदा काळी टेप धर. मग २ नंबरवर प्रीसेट किती देतोय ते बघ. हे तीन आकडे टाक, बाकी सगळा अंधारात बाण आहे.

वायरगुंता:
सेल्फी कॅमेऱ्यात दोन्ही जांभळे दिसले. पांढऱ्यावर ३.१, टेपवर ०.४. प्रीसेट मधोमध १.७ ला ठेवलाय. दुसरी बाजू पण जवळपास अशीच.

जळकंसोल्डर:
मग सेन्सर ठणठणीत आहेत, फोटोडायोडवर उगाच आळ घेतलास :) पिना सारख्या म्हणून आयसी सारखी होत नाही, इथे मीही एकदा अख्खी रात्र घालवलीये. ३५८ हा ऑपअॅम्प, तो आउटपुट वरही ढकलतो आणि खालीही ओढतो. ३९३ कंपॅरेटर आहे, दोन इनपुटची नुसती तुलना करणारा, आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे त्याला फक्त खाली ओढता येतं. वर जायची वेळ आली की तो नुसता हात सोडतो, आणि तुझ्या सर्किटमध्ये वर नेणारं कोणीच नाही. १० के घे, आउटपुट आणि ५ व्होल्टच्या मध्ये टाक, दोन्ही बाजूंना.

वायरगुंता:
टाकला. आता पांढऱ्यावर एलईडी पेटतो पण इतका मंद की हाताचा आडोसा करून बघावं लागतं, आणि आर्डुइनो कधी ० कधी १. आउटपुटला १.९ व्होल्ट??

जळकंसोल्डर:
अरे हो, तुझा लाल एलईडी विसरलोच, चूक माझी. १० के मधून येणारा जेमतेम ०.३ मिलिअँप तोच पिऊन टाकतोय, म्हणून व्होल्टेज १.९ ला अडकतं. उनोला खात्रीचा १ वाटायला ३ च्या वर लागतं, खात्रीचा ० म्हणजे दीडच्या खाली, तू बरोबर मधल्या चिखलात उभा आहेस. एलईडी उलटा कर: ५ व्होल्ट, मग १ के, मग एलईडी, मग आउटपुट. पुलअप, म्हणजे मघाचा वर ओढणारा १० के, राहू दे. आता एलईडी काळ्यावर पेटेल, कोडला काही फरक नाही, फक्त डोळ्यांना सवय करावी लागेल.

काळीटेप:
एवढ्यापेक्षा नवीन ३५८ लावलेली काय वाईट?

मीटरवाला:
वाईट काही नाही, चालतेच की. फक्त ५ व्होल्टवर ती साधारण साडेतीनच्या वर जात नाही, उनोचं त्यात भागतं. पण हातात ३९३ आहे तर या कामाची आयसी तीच आहे. प्रीसेट मात्र साडेतीनच्या खालीच ठेव, ३९३ चे इनपुट त्याच्या वर नेऊन बसवू नयेत.

वायरगुंता:
चाललं!!! हाताने ढकलला की एकदम क्लीन, पूर्ण ५ व्होल्ट येतात. पण मोटर चालू केल्या की रेषेच्या कडेवर एलईडी थरथरतो आणि रोबो मान हलवत चालतो.

जळकंसोल्डर:
मोटरचा नॉइज. प्रत्येक मोटरच्या टोकांवरच १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर, बोर्डावर नाही, मोटरवर. आणि आउटपुटवरून प्लस इनपुटला १ मेगोहम टाक. तुझा १० के तिथे आधीच आहे, त्यामुळे साधारण ५० मिलिव्होल्टची फट मिळेल, पेटायची पातळी वेगळी आणि विझायची वेगळी, मग कडेवर घुटमळणार नाही.

वायरगुंता:
१०४ सापडले, लावतो. १ मेग नाहीये, ४७० के चे दोन सिरीजमध्ये टाकतोय.