बदलापूर-कर्जत साइडला लोकल वाढवायला नेमकं अडतंय कुठे?

बदलापूर_पूर्व

नमस्कार मंडळी, प्रश्न जुनाच आहे पण मला यावेळी नीट तांत्रिक उत्तर हवंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखं कुणी ना कुणी निवेदन टाकतं की सकाळच्या फास्ट लोकल वाढवा, सगळे सह्या करतात, मी पण करते. आणि उत्तर काय मिळतं तर पाथ नाही. आता हा पाथ नाही म्हणजे नक्की काय? बदलापूर स्टेशनला उभं राहिलं तर दोन गाड्यांच्या मध्ये बराच वेळ रूळ रिकामे दिसतात, मग त्या वेळात अजून एक लोकल सोडायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलेलं की आता सुटलो. तसं का झालं नाही? आणि १५ डब्यांच्या गाड्या आपल्याकडे इतक्या कमी का, वेस्टर्नला तर स्लो लाइनवर पण आहेत.

कृपया "लोकसंख्या वाढली" एवढंच उत्तर नको, ते माहितीय. मला पुढच्या निवेदनात नेमकं काय मागायचं ते समजून घ्यायचंय.

रुळावरचा_माणूस

चांगला प्रश्न विचारलात, थोडं लांब लिहितो.

पाथ म्हणजे गाडीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागणारी मोकळी जागा, ती पण वेळेसकट. तुमच्या बदलापूरला रूळ रिकामे दिसतात ते खरंय, पण ती गाडी बदलापूरला संपत नाही ना, तिला ६८ किलोमीटर जाऊन सीएसएमटीला पोचायचंय आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी तिच्यासाठी तेवढ्याच मिनिटाला रूळ, सिग्नल आणि शेवटी प्लॅटफॉर्म मोकळा लागतो. साखळीत एक जरी कडी भरलेली असली तरी पाथ नाही.

आता हिशेब बघा. समजा फास्ट लाइनवर दोन गाड्यांत ४ मिनिटं अंतर धरलं तर तासाला १५ गाड्या. त्या १५ मध्ये कर्जत-खोपोली-बदलापूर-अंबरनाथ एक बाजू, कसारा-आसनगाव-टिटवाळा दुसरी बाजू, शिवाय कल्याण आणि डोंबिवलीहून सुटणाऱ्या वेगळ्या. म्हणजे कल्याणच्या पुढे तुमच्या वाट्याला येणार किती? म्हणून तुमच्याकडे गॅप मोठा दिसतो. वेस्टर्नला विरारपासून चर्चगेटपर्यंत सरळ एकच दांडी आहे, फाटा नाही. आपल्याकडे कल्याणला दोन फाटे एकत्र येतात.

आणि ते येतात कसे हे महत्त्वाचं आहे. कल्याणला हे सगळं एकाच पातळीवर आहे, वरून पूल घेऊन एका लाइनने दुसरीला ओलांडलंय असं नाही. उत्तरेकडच्या मेल-एक्सप्रेस नाशिक बाजूला जातात, पुणे आणि दक्षिणेकडच्या कर्जत बाजूला, त्यात मालगाड्या, त्यात लोकल. एक गाडी पॉइंटवरून (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते) आडवी गेली की तेवढा वेळ दोन-तीन लाइनी थांबलेल्या. म्हणून कल्याण यार्डाची फेररचना हे काम एमयूटीपी ३ए मध्ये, म्हणजे मुंबई लोकल सुधारायच्या सरकारी योजनेच्या एका टप्प्यात घेतलंय, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यार्डातच वेगळ्या करायच्या. माझ्या मते अख्ख्या मध्य रेल्वेत हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही कारण ते डोळ्याला दिसत नाही, नवीन स्टेशन कसं लगेच दिसतं.

ठाणे-दिवाचं म्हणाल तर त्या लाइनीचा फायदा झालाच नाही असं नाही. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण पाचवी-सहावी आधीपासून होती, मधला तुकडा राहिलेला. तो जोडला गेल्यावर फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याकडच्या नव्या लाइनीवर गेल्या आणि १९१६ सालचा पारसिक बोगदा मेल-एक्सप्रेसला मिळाला. त्यानंतर ३६ फेऱ्या वाढल्या, पण त्यातल्या बहुतेक एसी होत्या, त्यामुळे सेकंड क्लासच्या पासवाल्याला काही वाढलंय असं वाटलंच नाही. शिवाय कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी अजून नाहीच, तिथे सीएसएमटीच्या मेल-एक्सप्रेस परत तुमच्याच फास्ट लाइनवर येतात. परळ, दादर, सायन भागात जागाच नाही, काम अवघड आहे.

संध्या_डोंबिवली

वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली, गाडी स्टेशनात थांबते तो वेळ. टाइमटेबलमध्ये २०-३० सेकंद धरलेले असतात, डोंबिवली आणि ठाण्याला सकाळी तेवढ्यात उतरणारे उतरतसुद्धा नाहीत. बारा डब्यांच्या गाडीत पाच हजाराच्या आसपास माणसं असतात हो. लेडीज डब्याच्या दारात ज्या बायका उभ्या असतात त्यांना उतरायचं नसतं पण आत सरकायला जागाच नसते, मग उतरणारीने काय करायचं. प्रत्येक स्टेशनला १५-२० सेकंद जास्त गेले की मागची गाडी सिग्नलला थांबते, तिच्या मागची पण थांबते, आणि ४ मिनिटाचा हिशेब कागदावर राहतो.

म्हणून २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ५ नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला ना, त्यावेळी लोक खूप चिडले होते पण ते काम गाड्या वाढवण्याइतकंच गरजेचं होतं असं मला वाटतं. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा असेल, जिने रुंद असतील तर गाडी लवकर रिकामी होते. निवेदनात जिने आणि पूल पण लिहा. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर जे झालं, दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले, त्यानंतर तरी गर्दी हा नुसता गैरसोयीचा विषय धरू नये. हा जिवाचा प्रश्न आहे.

कांजूर७७

मेट्रो १४ होऊ द्या, कांजूरमार्ग ते बदलापूर, मग बघा.

रुळावरचा_माणूस

@कांजूर७७ होऊ दे की, मला आनंदच आहे. पण ती अजून कागदावर आहे आणि आजच्या माणसाला आजची गाडी हवीय. शिवाय मेट्रोचा एक अनुभव बघा, २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर सुरू झाली, लोकांची सोय झाली पण घाटकोपर स्टेशनवर सगळी गर्दी येऊन पडली. मेट्रो लोकलला जिथे मिळते तिथला पूल, जिने, प्लॅटफॉर्म आधी तयार पाहिजेत, नाहीतर एका जागची गर्दी दुसऱ्या जागी जाते.

त्यापेक्षा जवळचा उपाय मला दोन ठिकाणी दिसतो. पनवेल-कर्जत लाइन आणि ऐरोली-कळवा जोडमार्ग. या दोन्ही एमयूटीपी ३ मधल्या. विचार करा, बदलापूर-अंबरनाथहून ऐरोली, महापे, वाशीला कामाला जाणारे किती आहेत, त्यांना ठाण्याला उतरून, ब्रिज चढून ट्रान्सहार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) पकडावी लागते. ते लोक ठाण्याला नकोतच, ते कळव्यातूनच वळायला हवेत. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं पण कळव्याकडचा उन्नत जोडमार्ग झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडकलाय. ते रेल्वे एकटीने सोडवू शकत नाही, राज्य सरकार आणि पालिका लागते. सगळेच मुंबईच्या दिशेने जाणार असं धरून आपण प्लॅनिंग करत आलो, नवी मुंबई वाढली तरी रेल्वेचा नकाशा तसाच.

टिटवाळा_स्लो

१५ डब्यांबद्दल मी लिहितो, मला त्यात रस आहे.

१२ चे १५ झाले की त्याच पाथवर, त्याच मोटरमनला, २५ टक्के जास्त माणसं. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. वेस्टर्नने जून २०२१ ला अंधेरी-विरार स्लोवर सुरू केल्या. मग आपल्याकडे का नाही, तर प्लॅटफॉर्म साठ-पासष्ट मीटर वाढवायचा म्हणजे नुसतं सिमेंट ओतणं नसतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिग्नल असतो, पॉइंट असतात, कुठे नाला असतो, कुठे रोड ओव्हरब्रिजचा खांब, कुठे फाटक. सिग्नल सरकला की इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट एकमेकांना बांधणारी यंत्रणा, बदलायचं. आणि हे सगळं करायचं कधी, तर रात्री शेवटची गेल्यावर पहाटेची पहिली यायच्या आत, किंवा रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये. त्यात ओव्हरहेड वायरची रोजची दुरुस्ती पण त्याच वेळात.

कल्याणच्या पुढच्या दोन्ही बाजूंच्या स्टेशनांची लांबी वाढवायचं काम हातात घेतलंय, ते संपल्याशिवाय १५ डबे पलीकडे नेता येत नाहीत. पण प्लॅटफॉर्म झाला तरी गाडी रात्री उभी कुठे करणार? कारशेडमधल्या लाइनी पण तेवढ्याच लांब हव्यात, गाडी खालून तपासायचे पिट (रुळांमधले खड्डे) पण. यावर कुणी बोलतच नाही.

निवृत्त_ट्रॅफिक

टिटवाळा यांनी चांगला मुद्दा काढला. मी वेळापत्रकाच्या कामाजवळ बरीच वर्षं होतो म्हणून एक गोष्ट जोडतो, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही.

ठाणे-सीएसएमटी स्लो रेक (म्हणजे डब्यांची अख्खी गाडी) सकाळच्या गर्दीत एकदा जाऊन, परत येऊन दुसऱ्यांदा भरून जाऊ शकतो. बदलापूरचा रेक मुंबईला जायला जवळपास दीड तास घेतो, परत यायला तेवढाच, म्हणजे तीन तास, तोपर्यंत गर्दीची वेळ संपली. कर्जत १०० किलोमीटर, कसारा १२१, त्यांचं तर विचारूच नका. म्हणजे लांबच्या एका फेरीसाठी जवळजवळ एक पूर्ण रेक द्यावा लागतो. त्यामुळे नुसता पाथ मिळून भागत नाही, रेक पाहिजे, तो पहाटे तुमच्या बाजूलाच उभा पाहिजे, त्यासाठी स्टेबलिंग लाइन (रात्री गाडी उभी करायचा रूळ) पाहिजे, क्रूला झोपायला जागा पाहिजे. बदलापूर-कर्जत भागात जमीन अजून मिळते, आत्ता घेतली नाही तर दहा वर्षांनी तिथे टॉवर उभे असतील. मला याची फार काळजी वाटते, खरं सांगतो.

सीबीटीसी, म्हणजे गाड्यांना रेडिओने जोडणारी नवी सिग्नल यंत्रणा, मूळ प्रश्नात नसली तरी पुढे कुणीतरी विचारेलच. त्याने दोन गाड्यांमधलं अंतर कमी होईल हे बरोबर. पण ज्या लाइनवर ती यंत्रणा नसलेलं मेल-एक्सप्रेसचं इंजिन मध्येच येतं, तिथे पूर्ण फायदा मिळत नाही. म्हणजे फिरून परत तिथेच, आधी लोकल आणि लांबच्या गाड्या वेगळ्या करा. कसारा आणि कर्जत दोन्ही घाटांत तीन-तीन लाइनी केव्हाच झाल्या, कारण १ इन ३७ च्या चढाला मागून बँकर इंजिन लावावी लागतात आणि गाड्या तुंबतात. घाटात तीन आणि घाटाच्या खाली, जिथे लोकल चालतात तिथे मात्र वर्षानुवर्षं दोन. म्हणून कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी आणि कल्याण-कसारा तिसरी यांना पर्याय नाही.

आणि ऑफिसच्या वेळा. मध्य रेल्वेने २०२३ ला स्वतःच्या मुंबईतल्या ऑफिसात कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा ठेवून बघितल्या. मोठी खाजगी ऑफिसं आणि मंत्रालय यांनी मनापासून केलं तर विनाखर्च फरक पडतो.

बदलापूर_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी आता "फास्ट लोकल वाढवा" ऐवजी कल्याण यार्ड आणि तिसरी-चौथी लाइन कधी पूर्ण होणार याची टप्प्याटप्प्याची तारीख मागते, १५ डब्यांसाठी कुठल्या स्टेशनाचं काम किती राहिलंय ते विचारते, आणि स्टेबलिंगचा मुद्दा घालते. पत्र नेमकं कुणाला लिहायचं, डीआरएमला (रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना) ना?

निवृत्त_ट्रॅफिक

डीआरएमला लिहाच, पण ही कामं बरीचशी एमआरव्हीसीकडे आहेत, १९९९ साली याच प्रकल्पांसाठी स्थापन झालेली कंपनी, तिच्यात रेल्वे आणि राज्य सरकार दोघांचा वाटा आहे. एमयूटीपी ३ए तेहतीस हजार कोटींच्या वरचा आहे आणि त्यातला अर्धा खर्च राज्याचा. त्यामुळे एक प्रत एमआरव्हीसीला, एक नगरविकास खात्याला आणि एक आमदार-खासदारांना. जमिनीचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर रेल्वे म्हणेल ते राज्याचं आणि राज्य म्हणेल ते रेल्वेचं.

टिटवाळा_स्लो

मसुदा झाला की इथे टाका, आमच्या बाजूची संघटना पण सही करेल. दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक पण मसुद्यात घालायला विसरू नका, ते रस्त्यासाठी उघडं असेपर्यंत सिग्नल लालच राहतो आणि त्याचा उशीर कसारा-कर्जत दोघांनाही भोगावा लागतो.