मदत हवी आहे: २४० हप्त्यांचं गृहकर्ज, ४७ भरले, तरी २४१ बाकी कसे?

नमस्कार मंडळी,

गृहकर्जाच्या हिशेबात अडकलोय, जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. मी नाशिकला कंपनीत नोकरी करतो, बँकेच्या कामकाजातलं फारसं कळत नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये दसऱ्याच्या सुमारास टू बीएचके घेतला. किंमत ३७ लाख, त्यात ३० लाख कर्ज. मुदत २० वर्षं, व्याज ६.७५ टक्के, हप्ता २२,८११ रुपये. पहिला हप्ता नोव्हेंबरात कापला गेला. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही.

एप्रिल २०२३मध्ये हप्ता २४,३५० झाला. बँकेचा मेसेज आला होता. दर वाढलेत म्हणून हप्ता वाढला, एवढंच मी समजलो.

परवा वडिलांनी सहज विचारलं, "किती राहिलं रे आता?" त्यांनी गावच्या सोसायटीच्या पीककर्जापलीकडे कधी कर्ज काढलं नाही, त्यांना नीट आकडा सांगावा म्हणून ॲपमधून स्टेटमेंट काढलं आणि तेव्हापासून झोप नाही. सप्टेंबर २०२५पर्यंत भरलेले पैसे ११,१८,२८७. शिल्लक मुद्दल २८,६४,३३७. म्हणजे सव्वाअकरा लाखांच्या आसपास भरून मुद्दल फक्त १,३५,६६३ रुपयांनी कमी! आणि उरलेले हप्ते २४१. घेताना २४० होते. वडिलांना मी "बघून सांगतो" म्हणालो, अजून सांगितलेलं नाही.

शाखेत फोन केला तर "सर, फ्लोटिंग रेट आहे, ईबीएलआरप्रमाणे रिसेट होतं" एवढंच उत्तर मिळालं. माझे प्रश्न:

हा बँकेचा घोळ आहे की हिशेब बरोबर आहे? ईबीएलआर, स्प्रेड, रिसेट म्हणजे नक्की काय? माझा दर आज ८.२५ आहे, आमच्याच सोसायटीत याच महिन्यात कर्ज घेतलेल्याला ७.५ मिळाला, असं कसं? दोन लाखांची एफडी आहे, ती मोडून कर्जात भरू का? दुसऱ्या बँकेचा एजंट कर्ज ट्रान्सफर करा म्हणून रोज फोन करतोय, ते करावं का?

बायको म्हणते हप्ताच वाढवून घेऊ. पण आता बँकेच्या कुठल्याही कागदावर न समजता सही करायची नाही, असं ठरवलंय.

—

प्रतिसाद १

दादा, आधी धीर धरा. तुमचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले, हिशेब जुळतो. पैसे कुठे गायब झालेले नाहीत. पण तुम्हाला कोणी वेळेवर नीट सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण २०२१मध्ये कर्ज घेतलेल्या बऱ्याच जणांची हीच गत झाली आहे.

तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला बांधावी लागतात आणि बहुतेकींनी रेपोच धरला. अशा बाहेरच्या दराशी जोडलेल्या कर्जदराला ईबीएलआर म्हणतात. रेपोवर बँक स्वतःचा खर्च आणि जोखीम म्हणून जे लावते तो स्प्रेड. तुमचा स्प्रेड २.७५, म्हणून ४ अधिक २.७५ बरोबर ६.७५. रिसेट म्हणजे दर ठरावीक काळाने, तीन महिन्यांतून एकदा तरी, नव्या रेपोप्रमाणे तुमचा दर बदलणं.

मे २०२२पासून रेपो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ला ६.५० झाला. तुमचा दर ९.२५. आता खरा मुद्दा बघा. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं, हप्त्यातून आधी ते वजा होतं आणि उरेल ते मुद्दलात जातं. एप्रिल २०२३ला तुमचं मुद्दल साधारण २९,३२,००० होतं. त्याचं एका महिन्याचं ९.२५ टक्क्यांनी व्याज होतं २२,६०२ रुपये. तुमचा जुना हप्ता २२,८११. मुद्दलात गेले असते जेमतेम २०९ रुपये! त्या चालीने कर्ज फिटायला ५० वर्षं लागली असती. म्हणून बँकेने मुदत एकूण ३० वर्षांपर्यंत ताणली आणि तरी पुरेना म्हणून हप्ता २४,३५० केला. तुम्हाला दिसला तो वाढलेला हप्ता. वाढलेली मुदत दिसली नाही, कारण ती खिशातून जात नाही.

२०२५च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये रेपो उतरत जाऊन ५.५० झाला. त्यामुळे सप्टेंबर २०२५ला तुमचा दर ८.२५ आणि मुदतही ३० वर्षांवरून खाली येऊन २४१ हप्त्यांवर थांबली आहे. आत्ता महिन्याला सुमारे ४,६५० रुपये मुद्दलात जातायत. म्हणजे गाडी रुळावर आहे, फक्त चार वर्षं मागे.

एक कागद शाखेतून जरूर मागा. १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर रिसेट होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची सोय कर्जदाराला द्यायची. बँकेच्या धोरणाप्रमाणे फिक्स्ड, म्हणजे न बदलणाऱ्या, दरावर जायचा पर्यायही २०२३च्या त्या परिपत्रकात होता. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३पर्यंत लागू करायचं होतं. शिवाय दर तिमाहीला किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले याचं स्टेटमेंट द्यायचं. तुमच्या ईमेलच्या नको त्या फोल्डरमध्ये ते पडलेलं असण्याची शक्यता आहे, एकदा शोधा.

—

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात स्प्रेडचा विषय अर्धा राहिला. तुमच्या शेजाऱ्याला ७.५ मिळाला कारण त्याचा स्प्रेड २ आहे आणि तुमचा २.७५. रेपो दोघांना सारखाच. नवीन गिऱ्हाईक यावं म्हणून बँका नव्यांना कमी स्प्रेड देतात, जुन्यांचा मात्र आपणहून कमी करत नाहीत. मागावा लागतो. मी पिंपरीच्या घराच्या कर्जासाठी मागच्या वर्षी तेच केलं. लेखी अर्ज दिला, सोबत सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) जोडला, एकदाच थोडं शुल्क भरलं आणि दर खाली आला. शाखेतल्या ताईंनी पहिल्यांदा "असं काही नसतं" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा लेखी अर्ज नेला आणि पोच मागितली, तेव्हा काम झालं. तोंडी कधीच विचारू नका.

तुमचा दर ७.५ झाला आणि हप्ता २४,३५०च ठेवलात तर २४१चे साधारण २१४ हप्ते होतात. खिशातून जास्तीचं काहीही न देता २७ हप्ते वाचतात.

—

प्रतिसाद ३

ट्रान्सफरबद्दल. एजंट फक्त दर सांगतो, खर्च सांगत नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, वर महाराष्ट्रात गहाणाच्या दस्तावर मुद्रांक शुल्क पुन्हा आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) दुय्यम निबंधकांकडे ३० दिवसांत दाखल करावी लागते तो खर्च. आधी स्वतःच्या बँकेत दर कमी करून घ्या. दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर हातात असलं की आपली बँकही लवकर ऐकते. अगदीच नकार आला तर हलवा. फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी बंद करण्याला दंड नाही, त्याची भीती बाळगू नका.

टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, मात्र या फेरीत अजिबात घेऊ नका. ट्रान्सफरच्या वेळी हमखास गळ्यात मारतात आणि मुद्दल परत होतं तिथे जातं.

—

प्रतिसाद ४

एफडीचं व्याज करपात्र असतं, कर्जाचं ८.२५ आहे, त्यामुळे नुसता हिशेब केला तर मोडणं फायद्याचं. आजच्या दराने दोन लाख भरले तर २४१चे २०४ हप्ते होतात. ३७ हप्ते म्हणजे ९ लाखांची बचत, दोन लाखांत! पण घरात आणखी काही शिल्लक आहे का? सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला नसेल तर पूर्ण एफडी मोडू नका, कर्जात गेलेला पैसा अडीअडचणीला परत मिळत नाही. आणि भरताना अर्जात स्पष्ट लिहा, "हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी."

—

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एप्रिल २०२३ला जुना हप्ता राहिला असता तर २०९ रुपये मुद्दलात गेले असते, हे वाचून काही वेळ सुचेनासं झालं, पण निदान काय घडलं ते कळलं.

सोमवारी अर्धी रजा टाकून शाखेत गेलो. स्प्रेड कमी करण्याचा अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का मारून. ऑगस्ट २०२३चं परिपत्रक म्हणताच अधिकाऱ्यांनी खुर्ची ओढून नीट बसवलं आणि पर्याय दाखवले. मूळच्या मुदतीत, म्हणजे आणखी १९३ हप्त्यांत संपवायचं तर आजच्या दराने हप्ता २६,८५०च्या आसपास बसतो. अडीच हजार जास्त. बायकोचं म्हणणं बरोबर निघालं.

एफडी मोडत नाही. वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती ठेवली होती, ती तशीच राहू दे. हप्ता २७,००० करायचा असं दोघांनी ठरवलंय, स्प्रेडचं उत्तर आलं की तोच हप्ता ठेवून मुदत आणखी खाली आणू. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, हे बरोबर ना?

वडिलांना रात्री वहीत आकडे लिहून दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि विचारलं, "सोळा वर्षं ना अजून?" मी हो म्हणालो.