ससा आजारातून उठलाय, पण गवताला तोंड लावत नाही. मदत हवी आहे

आमच्या ४ वर्षांच्या सशाचं पोट गेल्या आठवड्यात एकदम थंडावलं. खाणं बंद, लेंड्याही बंद. डॉक्टरांच्या औषधांनी जिवावरचं टळलं. आता लेंड्या होतायत, पण मिरीएवढ्याच. एरवी हरभऱ्याएवढ्या असायच्या. सुकं गवत हुंगतो आणि पाठ फिरवतो. कोथिंबीर मात्र हातातून ओढून घेतो, लबाड!

सिरिंजने ओठाच्या कडेने पातळ खाणं भरवतेय (निम्मं माझ्या ओढणीवर). ससा १२ तास जरी उपाशी राहिला तरी आतडी पुन्हा थांबू शकतात, म्हणून भरवणं सोडायचा धीर होत नाही. पण पोट भरलेलं असलं तर तो गवत खाईल कशाला?

कुणी यातून गेलं असेल तर सांगा ना, भरवणं कधी आणि कसं कमी केलंत? गवताची जात बदलून फरक पडतो का?