बारावी सायन्सनंतर बीए तत्त्वज्ञान: माणसाला यातून काय मिळतं?

पूर्णाकाठ (परभणी):
पुतणीला नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पुन्हा द्यायची नाही. छत्रपती संभाजीनगरला बीए करायचं म्हणते, तत्त्वज्ञान मेजर (मुख्य विषय) आणि इतिहास मायनर (दुय्यम). घरचे विचारतात, याने पोट भरणार का? मला त्याआधीचा प्रश्न आहे. लिबरल एज्युकेशन म्हणतात, म्हणजे एका धंद्यापुरतं नसलेलं, अनेक विषयांतून विचार शिकवणारं शिक्षण, त्यातून माणसाला काय मिळतं? आणि विषय कसे निवडावेत?

काळीमाती:
दादा, आपल्याच बोअरचं घ्या. पाणी आटलं की लोक आणखी दोनशे फूट खाली जातात. भूशास्त्र सांगतं की खाली बसाल्ट आहे, पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, खोलवर भेगा कमी होत जातात. म्हणून बरेचदा फुफाटाच उडतो. मग ऊस का लावतात? उसाला एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) आहे, कारखाना उचलतो; हे अर्थशास्त्र. 1882 च्या ईझमेंट (वहिवाटीच्या हक्कांच्या) कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हक्कात धरलं गेलं. आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या काळात, पुतणी जिथे शिकायला जाणार त्याच शहरात डोंगराचं पाणी नहरींनी, नुसत्या उतारावर आणलं होतं. एवढं कळल्यावर खरा अवघड प्रश्न उरतो: माझ्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटली, तर माझ्यावर त्याचं काय देणं लागतं? तो नीतिशास्त्राचा.

एका प्रश्नाचे हे धागे सुटे करता येणं आणि कोणी एकच धागा दाखवून फसवू न शकणं, हे त्या शिक्षणाचं काम. डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंदाचं नाव दिलं. नागसेन या बौद्ध भिक्षूला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा राजा तो. मराठवाड्यातल्या गरिबाच्या लेकराला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, हे त्या नावातच आलं.

तासिका_तत्त्व:
पोटाचंही सांगायला हवं. नुसत्या बीएवर नोकरी सहसा मिळत नाही. पुढे बीएड, तीन वर्षांचं एलएलबी किंवा स्पर्धा परीक्षा, हे आत्ताच ठरवा.

तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. ओपन इलेक्टिव्ह (आपल्या आवडीने निवडायचा जादा विषय) दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो, आणि घोळ इथेच होतो: ज्याचं गाइड बाजारात मिळतं तो विषय मुलं घेतात. तिचं सायन्स झालंय, तिने संख्याशास्त्र घ्यावं. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा की तत्त्वज्ञानाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का आणि लिहिलेला निबंध शेरे मारून परत मिळतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरं कॉलेज बघा. दुरुस्त न झालेल्या लिखाणातून विचार सुधारत नाही.

वाचनाची सवय पहिल्या सत्रातच लावा. चार-पाच पानं, तीनदा. एकदा लेखकाचं म्हणणं काय ते, मग त्याची कारणं, तिसऱ्यांदा सर्वात जड आक्षेप शोधत. मग पुस्तक मिटून एक पान स्वतःच्या शब्दांत.

पूर्णाकाठ (परभणी):
संख्याशास्त्र त्या कॉलेजात नसलं तर?

तासिका_तत्त्व:
स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर बघा. यूजीसीच्या नियमाने एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. फक्त सत्र सुरू होण्याआधी कॉलेजची लेखी मंजुरी घ्या, नाहीतर क्रेडिट जमा करताना अडतं.