पर्सेंटाइल ६२ म्हणजे वाईट का? निकाल कसा वाचायचा, सांगा

चौथीची_आई:
लेकीची पहिलीच प्रमाणित चाचणी झाली. निकालात गणितापुढे ‘पर्सेंटाइल ६२’ होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढंच?" ती काही बोलली नाही. कागदाची बारीक घडी घातली आणि दप्तरात खोल सारला. आता कुणीतरी सांगितलं की हे शंभरपैकी ६२ मार्क नव्हेतच. तीन महिन्यांनी पुढची चाचणी आहे. हा कागद वाचायचा कसा? घरी काय करू? क्लास लावू का?

लाल_पेन:
पेपर काढणं आणि तपासणं ही कामं मी बरीच वर्षं केली, म्हणून जरा लांबण लावते.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. ६२ म्हणजे ज्या मुलांशी तुलना केली, त्यातल्या शंभरातल्या साधारण ६२ जणांच्या पुढे. तिची उत्तरं ४५ टक्के बरोबर असू शकतात, ८० टक्केही. तेव्हा शाळेला आधी हे विचारा की तुलना कोणाशी केली आहे: सगळ्या देशातल्या मुलांशी, की फक्त त्या शाळेतल्या?

दुसरं म्हणजे रांगेच्या मधोमध मुलांची दाटी असते. समजा चाचणीची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ आहे. तिथे ५० पर्सेंटाइलवरून ६० वर जायला चारेक गुण पुरतात, पण ९० वरून ९९ गाठायला सोळाएक लागतात. म्हणून पुढच्या वेळी ६२ चे ५५ झाले तर घरात सुतक पाळू नका, दोन-तीन प्रश्नांचा फरक असेल. गुणांशेजारी बऱ्याचदा एक पट्टा किंवा ± चा आकडा छापलेला असतो. तीच मुलगी तोच पेपर दुसऱ्या दिवशी देती, तर गुण तेवढे इकडेतिकडे झाले असते, असं पेपर काढणारेच कबूल करतात. पालक नेमकं तेच वाचत नाहीत.

आणि ‘इयत्ता समकक्ष ७’ असं काही दिसलं तर पेढे वाटू नका. चौथीचा पेपर तिने सातवीच्या सरासरी मुलाइतका सोडवला, एवढाच त्याचा अर्थ. सातवीचं गणित येतं असा नाही.

दोन_पोरांचा_बाप:
वरच्या प्रतिसादाला +१. क्लासचं नंतर बघा, आधी चुका कुठल्या जातीच्या आहेत ते शोधा. माझा थोरला सराव पेपरात धाडकन आपटला. उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलो तर १४ वा प्रश्न त्याने सोडला होता, पण त्याच्या उत्तराचा गोल रिकामा सोडलाच नव्हता! १५ चं उत्तर १४ च्या गोलात, आणि तिथून पुढची सगळी वरात एक घर सरकलेली. त्याला गणिताची नाही, दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची शिकवणी हवी होती. ती फुकटात झाली.

स्टॉपवॉचवाली:
क्लासला एवढं हिणवू नका. माझ्या मुलीला अपूर्णांक खरंच कळत नव्हते, आणि मी शिकवायला बसले की दोघी रडायचो. तिथे बाहेरचं माणूसच उपयोगी पडलं. मात्र पेपरामागून पेपर सोडवून घेणारा क्लास नको.

माझी चूक सांगते. सराव पेपरला मी शेजारी घड्याळ घेऊन बसायचे. एकदा पाहिलं तर पोरगी दर मिनिटाला तळवे फ्रॉकला पुसत होती. घड्याळ तिच्याच हातात दिलं, मी दुसऱ्या खोलीत गेले. आदल्या रात्री उजळणी बंद, वेळेवर झोप. परत आल्यावर ‘कितवा प्रश्न चुकला?’ विचारायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

तुक्का_मास्तर:
चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हे आधीच बघून ठेवा. कापत नसतील तर एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. चार पर्याय असतील आणि चुकीला एक तृतीयांश गुण जात असेल, तर डोळे मिटून मारलेल्या तुक्क्यात सरासरी नफा शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, की उरलेल्या तिनातून निवडणं फायद्याचं.

चौथीची_आई:
सगळ्यांचे आभार. काल रात्री तिला म्हटलं, मला तो आकडा वाचताच येत नव्हता, चुकले मी. बराच वेळ काही नाही. मग दप्तरातून घडी काढली, मांडीवर सरळ केली आणि म्हणाली, "शेवटचे सहा प्रश्न मी बघितलेच नाहीत. मला तो पाण्याच्या टाकीचा सुटत नव्हता."

एका टाकीपायी सहा प्रश्न! क्लासची चौकशी तूर्त थांबवली आहे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची सवय कशी लावायची, यावर कुणाकडे काही युक्ती असेल तर लिहा.